हातातलं खाली ठेवायचं नाही

आमच्या शेवंतीला दुपारी चार ते सहाच्या दरम्यान कुणी पहिल्यांदा बघितलं तर म्हणेल, ही बाई चोर तरी आहे नाहीतर खुळी तरी. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत पाच घड्याळं. उजव्या हातात एक चांदीचं कडं, आणि बांगड्यांच्या जागी केसांची रबरं आणि चाप. गळ्यात तीन चष्मे. आणि टी-शर्टाच्या खिशात, आता लपवून काय करायचंय, जोशीणबाईंची कवळी, डबीसकट. पाठीवर इंग्रजीत मोठ्ठ्या अक्षरांत ‘लाइफगार्ड’. ती अक्षरं तिला पहिल्यांदा दाखवली तेव्हा म्हणाली, "पाटीवर कशाला लिवलं? मी काय बुडनाऱ्या बाईकडं पाट करून हुबी ऱ्हानार हाय?"

ती चोर नाही आणि खुळीही नाही. खुळे बाकीचे आहेत, तेच सांगायला बसलेय मी.

शेवंती माझी शेजारीण. मूळची पूर्णगडची, खाडीकाठची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगा मस्कतला नोकरीला. चार वर्षांपूर्वी तिथलं घर बंद करून इथे रत्नागिरीत आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली. सकाळी मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलायला जाते, बाराला परत. मग उरलेल्या दिवसाचं काय करणार? तर दुसऱ्यांच्या घरात शिरून पाण्याची चौकशी. माझ्याकडे आली की ‘कशा हाव वैनी’ नंतर, आधी न्हाणीघर. पिंपावर झाकण आहे का? बादली भरलेली उघडी आहे का? माझा नातू सुट्टीला आला असला तर बादली सरळ उपडी करून टाकते. मी तापवलेलं पाणी सुद्धा! वर मलाच ऐकवते, "वैनी, पानी माजं सख्खं हाय. पन सख्ख्यावरच जास्ती नजर ठेवायची असते."

आता माझे गुडघे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. सत्तराव्या वर्षी मी तरणतलावात! पण गुडघ्याला थोडीच कळते लाजलज्जा. आमच्या वसाहतीच्या मागे एका क्लबाचा तलाव आहे, तिथे गेले तर मॅनेजर म्हणाला, बायकांची वेळ बंद आहे. का? तर बाई जीवरक्षक मिळत नाही. आणि दारावर तशी पाटीच: अर्धवेळ महिला जीवरक्षक पाहिजे. समोर समुद्र, दोन्ही अंगांना खाड्या, आणि ह्यांना पोहणारी बाई मिळत नाही! शोधली कुठे होती, ऑफिसातल्या टेबलाखाली?

मी तडक घरी येऊन शेवंतीला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"म्हंजे काय करायचं?"

"पाण्यात उतरलेल्या बायकांवर नजर ठेवायची. कोणी बुडायला लागली तर काढायची."

"आनि त्याचा पगार देतात?" ती हसली की हसली. "नजर ठेवायचा?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबीला जाताना दारात थांबली. "वैनी, तो अर्ज लिवून द्या. दुपारची खोली खायला उठते."

अर्जात एक रकाना, पोहण्याचा अनुभव. मी विचारलं, कधीपासून पोहतेस? म्हणाली, आठ वर्षांची होते. मी लिहिलं, पन्नास वर्षे. मॅनेजरने ते वाचून गालातल्या गालात हसावं? "काकू, पन्नास वर्षं? दाखला आहे का काही?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, पूर्णगडच्या खाडीवर शिक्का मारायला कोणी बसत नाही हो! चुकलंच तिचं. प्रत्येक भरतीला एक सही घेऊन ठेवायला हवी होती."

शेवटी परीक्षा घेऊ म्हणाला. परीक्षा घ्यायला बाहेरगावचे एक प्रशिक्षक आले, गळ्यात शिट्टी, पायात बूट. त्यांनी खोल बाजूला तळाशी एक जड रबरी वीट टाकली आणि म्हणाले, मावशी, वर आणा. शेवंतीने केस करकचून बांधले, पाण्याकडे एकदा निरखून पाहिलं, आणि गेली खाली.

गेली ती गेलीच. प्रशिक्षकांनी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. मग तोंडातली शिट्टी तशीच ठेवून, बुटांसकट, खिशातल्या मोबाइलसकट त्यांनी उडी मारली! ते ह्या टोकाला बुड्या मारताहेत, शोधताहेत, आणि बाईसाहेब त्या टोकाला वर आल्या. काखेत वीट. मुठीत केसांचे दोन आकडे, एक जोडवं, शर्टाचं बटण आणि केसांचा हा एवढा गुंतवळ.

मॅनेजरच्या टेबलावर सगळं मांडून तिने पहिला प्रश्न विचारला, "तळ कोन साफ करतं? पल्याडच्या कोपऱ्यात शेवाळ धरलंय. बाईचा पाय सरकंल त्याचं काय?"

प्रशिक्षक मात्र सरळ माणूस. मोबाइलमधलं पाणी झटकत म्हणाले, "मावशी, पोहणं मी तुम्हाला काय शिकवणार! बुडलेल्याला शुद्धीवर कसं आणायचं तेवढं दहा दिवस येऊन शिका." ती शिकली आणि दाखला मिळाला. तो तिने देवाच्या फोटोशेजारी लावलाय.

बायकांची वेळ सुरू झाली. आम्ही सोळाजणी. पहिल्याच दिवशी मी पायरीवर पाय ठेवते तोच शेवंतीने हात पुढे केला. "वैनी, चष्मा द्या."

"अगं, ठेवते बाकावर."

"बाकावर नाय. माज्या हातात."

सगळ्यांचंच तसं. जिच्याकडे चष्मा नाही तिने घड्याळ, घड्याळ नाही तिने चाप. जोशीणबाई म्हणाल्या, माझ्या अंगावर काढण्यासारखं काही उरलं नाही बाई, दात तेवढे आहेत. शेवंती म्हणाली, द्या!

ही तिच्या गावची रीत. खाडीत शिंपल्या काढायला बायका जोडीने जातात. एक बुडी मारणार, दुसरी खडकावर बसणार. बुडी मारणारीने अंगावरची एक वस्तू दुसरीच्या मुठीत द्यायची आणि वर येऊन परत मागायची. तोवर बसणारीने ती खाली ठेवायची नाही. ऊन लागो, मुंग्या डसोत. वस्तू खाली ठेवली की नजर सुटली, असा हिशेब. शेवंतीची जोडी तिच्या थोरल्या बहिणीशी, मंजुळाशी. आलटून पालटून, लग्नाआधी आणि लग्नानंतरही, कारण दोघी एकाच घरात दिलेल्या.

मॅनेजरला हे दोन डोळ्यांनी बघवेना. "मावशी, तुम्ही जीवरक्षक आहात की सामान सांभाळणाऱ्या? इथे रजिस्टर आहे. आत येताना सही, जाताना सही."

"सही बुडत नाय साहेब," शेवंती म्हणाली. "बाई बुडते."

आणि मग तो मंगळवार आला. सहा वाजले, शिट्टी झाली, आम्ही एकेक करून वर आलो. शेवंतीसमोर रांग लागली. हा घे चष्मा, हे घे घड्याळ, कवळी धुवून घ्या हो जोशीणबाई. सगळं वाटून झालं आणि तिच्या करंगळीला एक हिरवा चाप राहिला.

"हा कोनाचा?"

एकीचाही नव्हता. पुरुषांची वेळ सुरू व्हायची होती, ते टॉवेल गुंडाळून दारात ताटकळलेले. मॅनेजर म्हणाला, "विसरली असेल कोणीतरी. रजिस्टरमध्ये जातानाच्या सोळाच्या सोळा सह्या आहेत."

शेवंतीचा चेहरा मी तोवर तसा कधी बघितला नव्हता. पांढराफटक. तिने चाप दातांत धरला आणि कपड्यांसकट आत गेली. तळ धुंडाळून वर आली, दम घेतला, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली. इकडे आम्ही निघून गेलेल्या एकेकीला फोन लावतोय. बँकेतली मृणाल फोन उचलेना. पुरुष ओरडताहेत, अहो आमची वेळ चाललीय. एकानेही आत उडी टाकली नाही हो! टॉवेल सांभाळत होते.

अखेर मृणालचा फोन लागला. ती भाजीबाजारात. मागच्या दाराने घाईत निघून गेली होती, सही मात्र आठवणीने करून. "अय्या, चाप राहिला का माझा? असू दे, उद्या घेईन."

सगळे हसले. शेवंती पायरीवर बसून ओकारी आल्यासारखी खोकत होती, आणि सगळे हसले. माझी लाज मी सांगते, मीसुद्धा जराशी हसले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून, पण हसले.

दोन दिवसांनी तिला पत्र आलं. वस्तू धरण्याचा प्रकार ताबडतोब बंद करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग कमीच करू देत. हात रिकामे ठेवून मला नाय जमनार. मी घरी येऊन झोपंन कशी?" आणि टी-शर्ट घडी करून पिशवीत घातला.

आता मात्र माझा तोल गेला. गुडघ्याला पट्टा बांधून मी पंधराही घरं फिरले. मृणालच्या घरी आधी! ती बिचारी रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी चार वाजता सोळाजणी मॅनेजरच्या ऑफिसात. उभं राहायला जागा नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या रजिस्टराप्रमाणे मंगळवारी सगळं बरोबर होतं. पण उद्या एखादी खरंच तळाशी राहिली आणि शेजारणीने तिचीही सही ठोकली, तर तुमचं रजिस्टर उडी मारणार आहे का?"

मृणाल पुढे झाली. "चूक माझी आहे. ह्या मला शोधत होत्या हो. तीनदा खाली गेल्या माझ्यासाठी. माझ्या घरी मी अर्धा तास दिसले नाही तर कुणाला पत्ता नसतो."

मॅनेजर पुन्हा रजिस्टरच चाळू लागला. जोशीणबाईंनी खिशातून डबी काढली, टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "मग हे तुम्ही धरा."

पत्र मागे घेतलं. पण आपलं खरं करायला त्याने भिंतीवर सोळा खुंट्यांची फळी ठोकलीच, वस्तू तिथे अडकवाव्यात म्हणून. शेवंतीने ती बघितली. "खुंटीला डोळं असतात काय?" एवढंच म्हणाली. त्या फळीवर आता मॅनेजरची छत्री असते.

परवाची गोष्ट. सोमवारी पुरुषांची वेळ नसते, सहानंतर तलाव मोकळा असतो. सगळ्या गेल्या. मी चष्मा घेऊन निघाले तर शेवंती म्हणाली, "वैनी, जराशा थांबाल? घाई नाय ना?"

तिने मनगटातलं चांदीचं कडं काढलं. झिजून झिजून पातळ झालेलं. ते कधी तिच्या हातातून उतरलेलं मी बघितलं नव्हतं. माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं तिने आपल्या हाताने मिटली.

"मंजुळा गेल्यापासून ह्ये कोनी धरलं नाय," म्हणाली. "पान्यात जाते मी, पन दुसऱ्यांसाठी. सोताची पवले नाय चार वरसात. वर बसायला कोन हाय?"

मी तिच्या उंच खुर्चीवर चढले, कशी चढले ते माझं मला ठाऊक. शेवंती पाण्यात उतरली. दोन हात मारले, उताणी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. कान पाण्यात, हात पसरलेले. सगळ्या रत्नागिरीच्या बादल्या उपड्या करणारी ही बाई पाण्यावर अशी निजली होती की वाटलं, घोरतेय की काय.

माझा फोन वाजला. वाजू दिला. मानेवर डास बसला, तोही पिऊन गेला. गुडघा ठणकत होता. बाजूला हातभर रुंद कठडा होता, कडं त्यावर ठेवलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण मूठ काही उघडेना माझी.

बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच, एरवी मला ‘तुमी’शिवाय हाक न मारणाऱ्या शेवंतीने विचारलं, "हाय काय गो हातात?"

"हाय गो," मी म्हटलं. "हाय."