रोमन पद्धतीचं सूप

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी अन्नाशी अबोला धरला. रडले नाहीत, चिडले नाहीत. ताट आलं की भिंतीकडे तोंड करून झोपत. डॉक्टरांनी सुनेला जिन्यात गाठून बजावलं, "शनिवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात आणा. नाकातून नळी घालू. आणि या वयात एकदा नळी घातली, की माणूस सहसा घरी परतत नाही, तेही सांगून ठेवतो."

सून घरी शिवणकाम करी. गिऱ्हाइकांच्या पँटी अर्ध्या उसवलेल्या टाकून तिने सगळं पातळ करून पाहिलं, गोड करून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या. सासरे हूं की चूं करीनात. त्यांच्या कानात शिरत असेल तर एवढंच : नात आणि तिने वाचनालयातून आणलेलं पुस्तक. प्राचीन रोममधली, मुलांसाठीची रहस्यकथा. एक म्हातारा सिनेटर दिवसेंदिवस खंगत चाललाय, आणि गल्लीतल्या पाववाल्याची चुणचुणीत मुलगी खुनी शोधतेय. नात पलंगाशी बसून मोठ्याने वाची. आजोबा डोळे मिटून ऐकत.

शुक्रवारी संध्याकाळी सुनेने अळंबीचं सूप केलं आणि वाटी पलंगाशी आणून ठेवली. बिचारीला काय ठाऊक, की नुकताच पुस्तकात खुनी सापडला होता! सिनेटरची सून. आणि विष अळंबीतून.

"आजोबा, थांबा!" नात किंचाळली. "अळंबी आहे त्यात!"

नेमकी त्याच वेळी नणंद दारात चपला काढत होती. "काय आहे त्यात?"

"विष, आत्या! रोज थोडं थोडं घालतात. म्हणून तर आजोबा वाळत चाललेत."

"तरीच!" नणंद म्हणाली. हा शब्द तिने बरीच वर्षं जपून ठेवला असावा, इतका तो झटकन निघाला. "तरीच बाबा घरात काही खाईनात!"

"ताई, अहो गोष्टीतलं बोलतेय ती."

"पोरं खोटं बोलत नाहीत, वहिनी."

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. तिने सगळ्यांदेखत चमचाभर सूप घशाखाली लोटलं. "झालं समाधान?"

"तसं नाही चालत, आई," नात गंभीरपणे म्हणाली. "पुस्तकातली सूनपण आधी चाखते. तिने उतारा घेतलेला असतो. चाखायला वेगळा गुलाम लागतो."

"मग ताई, तुम्हीच चाखा!"

"मी? अगं, माझं पित्त..." नणंद मागे सरकली. "त्यापेक्षा बाटलीत भरून दे. आमच्या ह्यांच्या ओळखीचे पोलिसात एक आहेत, तपासून घेते."

"न्या ना! त्यांनाही बोलवा! सगळी गल्ली बोलवा!"

बाटली शोधता शोधता कपाटं उघडली गेली आणि कपाटांबरोबर बाकीचंही सगळं उघडलं. सासूबाईंच्या दुखण्यात उशाशी कोण बसलं, कोण नुसतंच फोनवर विचारत राहिलं, शेवटचं पाणी कुणाच्या हातचं. सून रडायला लागली. तिला पाहून नातीनेही भोकाड पसरलं, "मला आजोबा मरायला नको होते म्हणून मी..."

अखेर बाटली सापडली. नणंद वाटी उचलायला वळली.

वाटी रिकामी होती. चाटूनपुसून.

सासरे उताणे पडले होते. पांघरूण गळ्यापर्यंत, हात छातीवर जुळवलेले, मिशीला थोडं सूप. आयुष्यभराची कामं उरकून बसलेल्या माणसासारखा चेहरा.

नणंदेने बाटलीचं झाकण लावलं आणि कुणाकडेही न बघता चपला घातल्या.

सकाळी सून खोलीत गेली, तेव्हा सासरे टक्क जागे होते. पैसे मोजूनही माल न मिळालेल्या गिऱ्हाइकासारखे छताकडे बघत होते.

"काहीच झालं नाही," ते म्हणाले. सासूबाई गेल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "दार लोट जरा. सूनबाई, खरं सांग, मी रागवायचा नाही. घालतेस ना गं त्यात काही?"

सुनेला हो म्हणवेना आणि नाही म्हणायची छाती होईना. बाहेर शनिवार उजाडला होता. ती पलंगाच्या कडेला टेकली.

"घालते, बाबा," ती हळूच म्हणाली. "पण अगदी थोडं. याला वेळ लागतो. दोन्ही वेळेला न चुकता घ्यावं लागतं. एक वेळ जरी बुडली, तरी परत पहिल्यापासून."

"किती दिवस लागतील?"

"तुमची प्रकृती पडली चिवट. कसं सांगू?"

तिचा हात धरून सासरे कण्हत कण्हत उठून बसले.

"बरं. पण मीठ तरी नीट घालत जा," ते म्हणाले. "कालचं अगदीच अळणी होतं."