आठवणीला किती रिंगा

दुपारचे अडीच वाजले की भोजराज जिथे असेल तिथून ओरडायचा, “देली का रिंग?” आणि कुंताबाई जिथे असेल तिथून उत्तर द्यायची, “देली जी, देली!” एकोडीतल्या त्या गल्लीत घड्याळाची तशी गरज उरली नव्हती.

रिंग द्यायची ती अमरला. साकोलीच्या आयटीआयमधून एसीचं काम शिकलेला हा एकुलता एक पोरगा तीन वर्षांपासून दुबईत होता. तिथं व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलायला बंदी, आणि इकडे घरात बटणांचा साधा फोन. परदेशात सरळ फोन लावून बोलायचं तर मिनिटाला जीव वरखाली व्हायचा. म्हणून अमर दर रविवारी स्वस्तातलं कार्ड टाकून स्वतः फोन करायचा, आणि बाकीचे सहा दिवस भोजराजच्या शास्त्रावर चालायचे.

शास्त्र भोजराजने स्वतः शोधलं होतं. उचलला नाही तर फोनला पैसा पडत नाही, हा त्याचा पाया. एक रिंग म्हणजे आम्ही जेवलो, सगळं ठीक आहे. दोन रिंगा म्हणजे सवड झाली की फोन कर. तीन रिंगा म्हणजे हातातलं काम टाक आणि ताबडतोब फोन कर. दोनचं बटण दाबून धरलं की अमरचा नंबर लागेल, अशी सोयही त्याने करून घेतली होती. अमरचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असायचा. जेवणाच्या सुटीत तो काढून बघायचा आणि एक मिस कॉल दिसला की निवांत डबा उघडायचा. तीन वर्षांत तीन रिंगांची वेळ एकदाही आली नव्हती. आपल्या शास्त्रामुळेच घरावर संकट येत नाही, असं भोजराजला हळूहळू वाटायला लागलं होतं.

कुंताबाईने मात्र एकदा त्यात खोट काढली होती.

“काहो, अन् आठवण येते म्हणून सांगाचं असन तर किती रिंगा?”

“त्याले रिंग नाही.”

“काहून नाही?”

“अवो, तो तिकडे कामावर हाय. आठवणीच्या रिंगा देल्या तर तो काम करन का रडत बसन? सुटी मागन, मालक चिडन, हातची नोकरी जाईन. आपण बोलवाचं नाही. यायचा तेव्हा येईन.”

कुंताबाईने विषय सोडला. पण तीन वर्षं पोराचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि दर रविवारी तो “पुढच्या वर्षी येतो माय” म्हणाला की ती फोन ठेवल्यावर उगाच भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी.

त्या दिवशी रोवणा सुरू झाला. ट्रॅक्टरने चिखल करून ठेवलेल्या बांधीत धानाची रोपं रोवायला बारा बाया ठरवल्या होत्या, घरात सकाळपासून धावपळ. दुपारी आपले हात चिखलात असतील, पोरगा उपाशी बसेल, या विचाराने कुंताबाईने बाराच्या सुमारास, घराला कुलूप लावता लावता अमरला रिंग देऊन टाकली. मग फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नवऱ्याच्या हवाली केला. रिंग दिल्याचं सांगायला ती विसरली नव्हती. तिने सांगितलंही, पण तेव्हा भोजराज ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होता.

अडीच वाजता भोजराजने शेताच्या धुऱ्यावर, चिखलाच्या काठाला उभं राहून बायकोकडे पाहिलं. ती कोपरापर्यंत चिखलात. आज ही जबाबदारी आपली, असं समजून त्याने पुसलेल्या बोटाने दोनचं बटण दाबलं, एक रिंग दिली, आणि पिशवी धुऱ्यावरच्या बाभळीला टांगली.

पाच मिनिटांनी शेजारच्या चंद्रभागाबाई बायांसाठी चहाची किटली घेऊन आल्या. बाभळीला फोन दिसला. दोन्ही नवराबायको चिखलात दिसले. बिचारी कुंता, आज पोराला रिंग द्यायची राहून गेली, असं त्यांच्या मनात आलं. कुठलं बटण दाबायचं हे तर गावातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. चंद्रभागाबाईंनी पदराला हात पुसले, एक रिंग दिली, पिशवी होती तशी टांगली, आणि कुणाचं तरी भलं केल्याच्या समाधानात स्वतःच्या रोवण्याकडे वळल्या.

दुबईत एक वाजून दहा मिनिटांनी अमरने लॉकर उघडला. घरून तीन मिस कॉल.

तीन वेळा ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की त्याची बेरीज ‘घात झाला’ अशी होते, ही शक्यता भोजराजच्या शास्त्रात धरलेलीच नव्हती. अमरने डबा तसाच ठेवून घरी फोन लावला. एकदा, दोनदा, दहादा. बाभळीवर पिशवी वाजत राहिली. पण बाजूच्या बांधीत ट्रॅक्टर फिरत होता आणि बारा बाया रोवण्याची गाणी म्हणत होत्या. त्या गदारोळात भोजराजला स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता.

अमरने मग शहापूरला चुलतभावाला फोन केला. कुलदीपचं हायवेवर टायरचं दुकान होतं आणि संकटात धावून जायची त्याला हौस होती. गाडीला किल्ली लावतच त्याने बपेऱ्याला अमरच्या बहिणीला, रीनाला कळवलं, आणि तासाभरात एकोडी गाठलं. घराला कुलूप. सगळी गल्ली रोवण्याला गेलेली, विचारायला चिटपाखरू नाही.

“रीना, घराले कुलूप हाय,” तो फोनवर म्हणाला. “काकाले दवाखान्यात नेलं दिसते.”

कुलदीप साकोलीच्या दवाखान्यात गेला. तिथे भोजराज नावाचा कुणीच पेशंट नव्हता. साकोलीत नाही म्हणजे तब्येत जास्त आहे, भंडाऱ्याला हलवलं असणार. भंडाऱ्यातही नाव सापडलं नाही. भंडाऱ्यालाही घेतलं नाही म्हणजे प्रकरण फारच गंभीर, नागपूरला नेलं असणार. भोजराज जसजसा कुठेच सापडेना तसतशी त्याची प्रकृती ढासळत गेली. पाचच्या सुमारास कुलदीप नागपूरच्या रस्त्याला लागला होता, नातेवाइकांच्या मते भोजराज अखेरच्या घटका मोजत होता, आणि खुद्द भोजराज गुडघाभर चिखलात उभा राहून “बायांनो, ओळ सरळ ठेवा!” म्हणून ओरडत होता.

स्वयंपाक करायचा म्हणून कुंताबाई पाचलाच घरी गेली. सहा वाजता बाभळीवरची पिशवी खांद्याला अडकवून भोजराज निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याला दोन गाड्या दिसल्या. मग अंगणात माणसं दिसली. पस्तीस-चाळीस असतील. बाया डोक्यावर पदर घेऊन खाली बसलेल्या, पुरुष हात बांधून उभे, आणि मध्ये त्याची रीना रडत होती.

भोजराज गल्लीतच थांबला. कुंता तासाभरापूर्वी एकटीच घरी गेली होती. सकाळपासून वाकून वाकून तिची कंबर धरली होती, आणि जाताना ती काहीतरी म्हणाली होती ते आपण ऐकलं नव्हतं. आपण तिचं कधीच नीट ऐकत नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

“कुंते...” तो कसाबसा म्हणाला.

अंगणातली चाळीस तोंडं वळली. डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला भोजराज पाहून रीनाने किंकाळी फोडली. तिच्या आत्तेसासूने डोळे मिटून हात जोडले.

“बाबा! तुमी जिते हाव?”

“मी जिता हाव. तुही माय कुठी हाय?”

“हे काय इथंच हावो,” विहिरीवरून घागर घेऊन येणारी कुंताबाई मागून म्हणाली. “मी येऊन पाहतो त कुलपासमोर हे समदे. मले पाहून आणखीनच रडून राहिले, सांगत कोनी काई नाही! एवढ्यांले पाणी तरी द्या म्हटलं. कोन गेलं जी?”

कुणीच गेलं नव्हतं, हे सगळ्यांच्या गळी उतरायला दहा मिनिटं लागली. भोजराजने पिशवीतून फोन काढला. सत्तेचाळीस मिस कॉल. त्याचं शास्त्र तीनपर्यंतच होतं.

मग अंगणातच चौकशी सुरू झाली.

“तीन रिंगा कोन देल्या?” जावयाने विचारलं.

“मी एकच देली. बारा वाजता,” कुंताबाई म्हणाली.

“मीबी एकच देली. अडीचले, टायमावर,” भोजराज म्हणाला.

तेवढ्यात चंद्रभागाबाई चाळीस जणांच्या चहाचं भगुणं घेऊन आल्या. सगळे आपल्याकडे का बघतात ते त्यांना कळेना.

“मी तर एकच देली बाप्पा,” त्या म्हणाल्या. “तुमचे हात भरले होते म्हणून. कायी चुकलं का भाऊजी?”

“चुकलं नाही वो बाई,” भोजराज कपाळाला हात लावून म्हणाला. “तुमचं नाही चुकलं, हिचं नाही चुकलं, माहंबी नाही चुकलं. हेच तर चुकलं.”

आधी अमरला कळवायला हवं होतं. जावयाने आपल्या फोनवरून नंबर लावला. बंद. कुलदीपला लावला आणि स्पीकर चालू केला. काका जिवंत आहेत हे ऐकून तो नागपुरातल्या भर रस्त्यात मोठ्याने रडला आणि मग म्हणाला, “पण काका, अमर तर विमानात बसला. मॅनेजरनं लगेच तिकीट काढून देलं. सकाळी नागपूरले उतरते.”

भोजराज मटकन ओट्यावर बसला. ज्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून तीन वर्षं पोराला ‘ये’ म्हटलं नव्हतं, त्या नोकरीवरून तो न मेलेल्या बापासाठी खोटी सुटी काढून येत होता.

कुंताबाईने घागर खाली ठेवली.

“येऊन राहिला?” तिने विचारलं. “उद्या? घरी?”

आणि कुणी उत्तर द्यायच्या आत ती तांदूळ काढायला आत गेली.

रात्री चाळीस माणसं भात-वरण जेवली. पंगतीत वाढताना भोजराजला एकेकाचं तोंड दिसत होतं. कुणी दुकान बंद करून आलं होतं, कुणी स्वतःचा रोवणा टाकून, कुणी नुसता फोन ऐकून पायातल्या चपलेनिशी. आपण गेलो तर किती माणसं येतील, हे बघायला मिळालेला तो गावातला पहिलाच माणूस असावा. त्याने प्रत्येकाच्या पानात वरण जरा जास्तच ओतलं. आभार मानायची त्याला दुसरी रीत येत नव्हती.

सकाळी कुलदीपच्याच गाडीतून अमर उतरला. भोजराज दातांत कडुनिंबाची काडी धरून ओट्यावर बसला होता.

“बाबा, रिंगा मोजून देत जा ना बाबा!” अमर ओरडला. त्याने बापाला मिठी मारली. काडी दोघांच्या मध्ये अडकून मोडली. कुंताबाईने पोराच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, “किती वाळला रे,” वास्तविक तो चांगला सुटला होता.

पण भोजराजला चैन पडेना. चहा होताच तो म्हणाला, “मॅनेजरले फोन लाव. रिंग नको, खरा फोन. मी बोलतो.”

“बाबा, मी सांगीन ना गेल्यावर...”

“लाव म्हटलं ना.”

फोन लागला. मॅनेजर केरळचा होता. भोजराज ताठ उभा राहिला आणि त्याने आपली सगळी हिंदी गोळा केली.

“साब, मैं अमर का बाप बोल रहा. मेरे को कुच नहीं हुआ साब. मैं एकदम जिंदा हूँ. गलती हो गयी, माफ करना.”

पलीकडून हसू ऐकू आलं.

“जिंदा हैं तो माफी क्यों, बाबूजी? मेरी अम्मा भी मिस कॉल देती है. और सुनो, इसका छुट्टी दो साल से बाकी है. मैं पूछता हूँ तो बोलता है, घर से किसी ने बुलाया नहीं. पंद्रह दिन रख लो.”

भोजराजने फोन पोराच्या हातात दिला आणि बैलांना चारा टाकायला गोठ्यात गेला. चारा आधीच टाकलेला होता. तरी तो बराच वेळ तिथेच होता.

पंधरा दिवसांत अमरने उरलेला रोवणा उरकला, आईला एक मोठा फोन घेऊन दिला आणि तिकडे परवानगी असलेलं एक अ‍ॅप त्यात टाकून दिलं. आता रविवारी तोंड बघून बोलायचं, रोजची खबर मात्र जुन्या फोनवरून रिंगेनेच. निघायच्या आदल्या संध्याकाळी भोजराज जेवताना, पानाकडे बघत म्हणाला, “एक नियम वाढवला. चार रिंगा म्हणजे आठवण येते.” कुंताबाईने त्याच्या भातावर तुपाची धार धरली.

पुढच्या रविवारी मोठ्या फोनवर अमरचं तोंड दिसलं. इकडे नवराबायको कपाळाला कपाळ लावून बसली होती.

“माय, काल आठ मिस कॉल आले,” अमर म्हणाला. “घाबरलोच ना मी. आठचा नियम कोणता?”

“आठ?” कुंताबाई म्हणाली. “मी त चारच देल्या.”

“मग चंद्रभागाकाकूनं देल्या असन.”

“नाही रे. तिले आता कोनी फोनले हात लावू देत नाही.”

पडद्यावरचा अमर आणि पडद्याबाहेरची कुंताबाई, दोघांनीही एकदमच भोजराजकडे पाहिलं. भोजराज छताकडे बघत होता.

“पाणी पाहून येतो बांधीतलं,” तो म्हणाला, आणि चप्पल न घालताच निघाला.