दोन गाण्यांमधली जागा

धरणगावच्या स्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, मी कॅसेट भरून द्यायचो. भिकनभाऊंनी मात्र कोरी कॅसेट पुढे केली आणि म्हणाले, "सुभाष, गाणी नकोत. दोन गाण्यांच्या मधली जागा असते ना, तेवढीच भर."

"मधे काय असतं भाऊ? नुसती खरखर."

"तीच. साठ मिनिटं."

एका जागेत फार तर चार सेकंद. तीन दिवस मी बटणावर बोट ठेवून गाणं संपायची वाट बघत बसलो. वर गोंधळ असा केला की ती कॅसेट भिकनभाऊंऐवजी शेजारच्या सलूनवाल्याला दिली. तो बिचारा आपला टेप बिघडला म्हणून थेट जळगावला दुरुस्तीला घेऊन गेला. तो परतल्यावर कुठे कॅसेट भाऊंच्या हाती पडली.

भिकनभाऊ शाळेत चित्रकला शिकवायचे. कुठल्याशा शिबिरासाठी मुंबईला गेले आणि तिथे काहीतरी बघून आले. "एक माणूस, सुभाष, तीन तास खुर्चीवर नुसता बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या!" मी म्हटलं, आमच्या पारावर माणसं तीस तीस वर्षं बसली आहेत, कुणी ढुंकून बघत नाही. त्यावर ते त्यांचं ठरलेलं वाक्य बोलले, "समजनं नही ना? मंग बरोबर शे."

समजलं नाही म्हणजे बरोबर आहे, हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. बाजाराच्या दिवशी अंगाला कापूस चिकटवून चौकात उभे राहिले, तेव्हाही हेच. शेळीने बाही खाल्ली, तेव्हाही हेच. शेळीलासुद्धा समजलं नसावं, कारण तिने अर्ध्यावर सोडून दिलं.

मग एक दिवस म्हणाले, "मोठा प्रयोग करतोय. बॅण्डची वरात. सगळे ड्रेसमध्ये, वाद्यं हातात. पण वाजवायचं नाही."

"नवरदेव कोण?"

"नवरदेव नाही."

"मग जेवण?"

"सुभाष, तू टेप घेऊन ये. ती शांतता भरून घ्यायची. आणि नाना आले तरच प्रयोग. नाना नाही, तर काही नाही."

नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. पंचवीस वर्षं गावच्या बॅण्डचे मास्तर. त्यांचं क्लॅरिनेट ऐकून घोडीसुद्धा ठेक्यात चालायची. पण वर्षभरापूर्वी त्यांनी अचानक बॅण्ड सोडला आणि घराबाहेर पडणंच बंद केलं. कधी दिसलेच तर तोंडावर रुमाल. बॅण्डवाल्यांनी की-बोर्ड आणला म्हणून ते रुसले, असं मी गावभर सांगत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी.

भिकनभाऊंनी महिनाभर भावाची मनधरणी केली. शेवटी नाना आले. लाल कोट, सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट, तोंडावर रुमाल. वरात निघाली. ढोल गप्प, ट्रम्पेट गप्प. मी माइक धरून शांतता पकडतोय आणि टेपमध्ये फक्त माझ्या चपलेची चटचट जातेय.

एका म्हातारीने हात जोडले. "कोन मरी गया रे भो?"

चौकात येईपर्यंत पोरंसोरं ओरडायला लागली, "वाजाडा ना भो! फुकट आलात का?" नानांची मान खाली गेली. पाय घराकडे वळायच्या बेतात. भिकनभाऊ त्यांच्याकडे असे बघत होते, जणू आता हा माणूस घरात गेला तर पुन्हा बाहेर यायचा नाही.

मला राहवलं नाही. लग्नातली सवय. खिशातून दहाची नोट काढली, भिकनभाऊंच्या डोक्यावरून नवरदेवासारखी ओवाळली आणि नानांच्या हातात कोंबली. "होऊ द्या नाना, नागीण!"

आमच्याकडचा नियम असा, की ओवाळलेली नोट मास्तरच्या हातात पडली की फर्माईश वाजवावीच लागते. नाही वाजवली तर तो मास्तर नाही.

भिकनभाऊ पांढरेफटक पडले. "हाई काय करं रे तू!"

नानांनी नोटेकडे बघितलं. ती टोपीत खोचली. क्लॅरिनेट उचललं, पण तोंडाला लावलं नाही. छातीशी धरलं आणि बोटं चालवायला लागले. खटखट, खटखट. ढोलवाल्याने ती बोटं बघून चाल ओळखली आणि ढोलाच्या कडेवर टिचक्या मारत साथ धरली. नाना डोलायला लागले. सलूनवाल्याला काय झालं कुणास ठाऊक, तो धाडकन जमिनीवर पडून सरपटायला लागला. नागिणीला रुमाल हवा, म्हणून त्याने हात पुढे केला. नानांनी तोंडावरचा रुमाल काढून त्याच्याकडे फेकला आणि हसले.

तोंडात एकही दात नव्हता.

क्लॅरिनेट धरायला वरचे दात लागतात, एवढं मलासुद्धा माहीत होतं. पोरं नाचत होती. कसल्या गाण्यावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या हातातला माइक जमिनीकडे वळला होता, तो मी वर केला.

दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ दुकानात आले. म्हटलं, "भाऊ, काल समजलं."

मला वाटलं, चिडतील. ते स्टुलावर बसले. म्हणाले, "घरात गाणं लागलं की नाना उठून जायचे. टेप बंद केला, तर घर खायला उठायचं. मग काय लावणार?"

त्यांनी खिशातून ती खरखरीची कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"आते येनावर गाना भर. बठ्ठा. नानांनी यादी दिलीय, सगळी भर."

यादी दोन पानी होती. मी पहिलं गाणं लावलं आणि विचारलं, "मधल्या जागा काढून टाकू का, भाऊ?"

"ऱ्हाऊ दे थोड्या," ते म्हणाले. "त्या बी लागतस."