बिजलीच्या लिव्हरचा फोटो

आता गणपतीपुळ्याच्या वाळूत घोड्यांची रांग लागते, पण केरूच्या बिजलीची सर कुणाला नाही! नाव बिजली, चाल पालखीची. पाठीवर पोर बसवा, डुलकी काढील! केरूला मूलबाळ नव्हतं. जे काय होतं, ते बिजलीच.

शहाऐंशी साली तिला साधा खोकला झाला. केरू लगेच नवस बोलला, "गणराया, हिला बरी कर, वर्षभर रोज आरतीनंतर हिला मोदक घालीन!" बायको आनंदीबाई मोदक वळून वळून थकली. खोकला गेला, पण घोडी गवताला तोंड लावीना. केरूने मोदक दुप्पट केले. पोट टम्म फुगलं!

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "लिव्हर सुजलंय. आत गाठ असली तर आशा सोडा."

केरू ढसाढसा रडला. त्याचा भाचा बाबल्या मुंबईत शर्यतीच्या घोड्यांच्या दवाखान्यात कामाला होता. तिथे नवीन कॅमेरा आला होता. किरणं सोडणारं औषध शिरेत टोचायचं, ते लिव्हरमध्ये जाऊन बसलं की आतला फोटो निघायचा. बिजली आंब्याच्या रिकाम्या ट्रकातून निघाली.

"फक्त हलता कामा नये," तिथले डॉक्टर म्हणाले.

"देवळातला नंदी हलंल, आमची बिजली नाय!"

बिजलीने पहिल्याच झटक्यात बादली उडवली. गुंगीचं औषधही पचवलं! फोटोत नुसता फराटा.

"आरतीला तेवढी हलत नाय ओ," केरू काकुळतीला आला.

"मग म्हणा आरती!"

केरूने लांबूनच सूर लावला. बाबल्याने पत्र्याचा डबा बडवला. डॉक्टरही टाळ्या वाजवू लागले! बिजली कान टवकारून स्तब्ध.

"गाठ नाही!" डॉक्टर ओरडले.

केरू मिठी मारायला धावला. बाबल्याने त्याला मागे खेचलं. "मामा, उद्यापर्यंत तिच्या अंगातून किरणं येतायत! लांब!"

"नुसती चरबी चढलीय लिव्हरवर," डॉक्टर म्हणाले. "गोड काय खाते?"

केरूने मान खाली घातली. "मोदक... बरी व्हावी म्हणून."

मोदक बंद झाले, बिजली पुन्हा वाळूत डुलू लागली. पण नवस वर्षाचा! देवाला काय सांगायचं? तिच्या वाटचे मोदक केरूच खाऊ लागला.

शिमग्याला तो पोट धरून ओटीवर बसला. आनंदीबाईने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, "बाबल्याला विचारा ओ, त्या कॅमेऱ्यापुढं माणूस उभा करतात काय?"