बिनशर्त माफी, अटी लागू

आमच्या कन्येनं विद्यापीठात कायदा आणि त्याच्या जोडीला डिजिटल व समाजमाध्यम संवाद असे दोन्ही विषय घेतले, तेव्हा मी ऑफिसभर सांगत सुटलो होतो. (ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, पण सांगायला काय जातं?) घरातच वकील आणि घरातच प्रसिद्धीप्रमुख, आता भीती कशाची? त्याच भरात मी पेपरचोर पकडायचं ठरवलं.

झालं असं, की बरेच दिवस दाराशी पेपर येईना. एका सकाळी वरच्या मजल्यावरचे मास्तर काखेत पेपर घेऊन जिना चढताना दिसले. मी मागून फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला: 'चोर सापडला. ओळखा पाहू!' सगळ्यांनी ओळखलं. मास्तरांचं टक्कल मागूनही लपत नाही.

"अहो, आपला पेपर मीच बंद केलाय," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "तुम्ही तो नुसता तोंडावर घेऊन झोपता."

मास्तर म्हणजे माझे एकुलते एक मित्र. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बुद्धिबळाचा डाव असायचा. त्या संध्याकाळी बेल वाजवली तर आतला टीव्ही तेवढा मोठा झाला, दार उघडलं नाही. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्या कायद्याच्या तासाला निघताना तिला गाठलं.

"बाबा, एक अक्षर कबूल करू नका. लेखी माफी म्हणजे आयता पुरावा."

दुपारी ती समाजमाध्यमांचा तास आटपून आली. "अजून माफी नाही मागितली? अशा वेळी ताबडतोब, सरळ शब्दांत, सगळ्यांसमोर मागायची असते, बाबा."

"अगं, सकाळी तर तू..."

"ते सकाळचे सर. दुपारच्या मॅडमचं मत वेगळं आहे."

फी दोन्हींची भरलेली. कुठलाच सल्ला वाया घालवावासा वाटेना. मी ग्रुपवर लिहिलं: 'कथित आरोप मी केला असल्यास, तो केल्याचे मान्य न करता, मी मनःपूर्वक व बिनशर्त माफी मागतो. ही माफी कबुली समजू नये.'

तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, 'म्हणजे चोरी झाली की नाही?' मग मास्तरांचं उत्तर आलं: 'सदर माफी, ती मिळाल्याचे मान्य न करता, व नाकारण्याचा हक्क राखून ठेवून, स्वीकारत आहे.'

मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला. ही भाषा त्यांची नव्हे. मी तसाच चपला न घालता वर गेलो. या वेळी दार उघडलं.

"मास्तर, चुकलो. गाढवपणा झाला माझा."

"झाला खरा. या आत," ते म्हणाले. "मलाही करमत नव्हतं. पण माझ्या वकिलांना विचारावं लागेल."

वकील सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आमची कन्याच ती.

"मिटवलंत?" तिचा चेहरा रडवेला झाला. "बाबा, दोन्ही विषयांना मिळून एकच प्रकल्प आहे. वाद कायद्यानं कसा लढवायचा आणि ग्रुपवर कसा. माझा अर्धाच झालाय. सोमवारपर्यंत तरी भांडा ना."

लेकीच्या मार्कांचा प्रश्न. आता आम्ही दार लावून डाव मांडतो आणि ती सांगेल तशा एकमेकांना ग्रुपवर नोटिसा देतो. काल मास्तरांनी मला 'बेजबाबदार, उतावळा व समजुतीने अर्धवट' असं जाहीर केलं. त्याला पहिला अंगठा आमच्या बायकोचा.

तिला प्रकल्पाचं समजावून सांगायला घाईघाईनं खाली गेलो.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण मजकूर पटला."