दाजींचं उत्तर लॉक करा!

टीव्हीवरचा तो 'सांगा पाहू' कार्यक्रम माझ्या हातात दिला, तर मी पंधरा मिनिटांत संपवून दाखवीन! प्रश्न, उत्तर, निकाल, घरी! पण तो सूत्रसंचालक? समोरच्यानं उत्तर दिलं की हा पाणी पिणार, डोळे बारीक करणार, मागे ढोल वाजणार आणि ऐनवेळी ब्रेक! तेवढ्यात आमच्याकडे मटण शिजतं हो!

सहा वर्षं मी हा कार्यक्रम बघतोय, सोफ्यावर बसून, उत्तरं ओरडत. शेजारी माझी मेहुणी अक्षता. ती आमच्याच गल्लीत, कळंब्यात राहते. यंदा तिचीच निवड झाली!

"दाजी, मदतीच्या फोनसाठी तुमचंच नाव दिलंय," ती म्हणाली. "फक्त एक करा. कायम सांगताय तसंच ठणकावून सांगा!"

माझी छाती दोन इंच फुगली. अखेर कुणीतरी ओळखलं!

शूटिंगच्या दिवशी फोन आला. "दाजी, शेवटचा प्रश्न हाय, बक्षिसाला मोटार! ऑक्टोपसला हृदयं किती? एक का तीन? दोनच पर्याय उरल्यात."

"एक!" मी गर्जलो. "तीन हृदयं ठेवायला ते काय गोडाऊन हाय व्हय?"

"नक्की?"

"शंभर टक्के!"

"थँक्यू दाजी!" काय आनंद होता पोरीच्या आवाजात!

ती परत आली ती तोंडाला कुलूप लावूनच. कार्यक्रम दिसेपर्यंत निकाल सांगायचा नाही, अशी सही घेतली होती म्हणे. म्हणजे महिनाभर सस्पेन्स! माझी झोप उडाली. बायको, स्वप्नाली, म्हणाली, "एवढा जीव टांगणीला लागलाय, तर मोबाईलवर उत्तर बघा की."

"मला काय गरज? मला उत्तर माहीत हाय!"

आणि आठव्या दिवशी अक्षतानं ड्रायव्हिंग क्लास लावला. झालं! मोटार मिळाली म्हणून क्लास. मोटार मिळाली म्हणजे उत्तर बरोबर. उत्तर कुणाचं? माझं!

ही बातमी मी फक्त आकारामच्या कानात घातली. आकाराम आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. आमच्या कोल्हापुरात म्हशीच्या वाढदिवसालाही फलक लागतो, मग मी काय मागे राहणार? दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी डिजिटल फलक! त्यावर अक्षता एवढीशी, मी गॉगल लावून केवढा तरी, आणि खाली 'अचूक मार्गदर्शक मा. सयाजीराव'.

"दाजी, फलक जरा थांबवायचा की हो!" अक्षता कळवळून म्हणाली. मला वाटलं, लाजतेय.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मंडळानं चौकात मोठा पडदा लावला. रश्श्याची पातेली चढली, हलगी आली, गुलालाची पोती आली. अक्षताला मागच्या रांगेत आणि मला पुढच्या खुर्चीत बसवून मलाच फेटा बांधला. पडद्यावर माझा आवाज घुमला, "एक! तीन हृदयं ठेवायला..." गल्लीनं शिट्ट्या मारल्या. गुलाल उधळला गेला, निम्मा माझ्या तोंडात.

सूत्रसंचालकानं डोळे बारीक केले. "मग, दाजींचं उत्तर लॉक करूया?"

"नको," पडद्यावरची अक्षता म्हणाली. "तीन लॉक करा."

आणि ब्रेक!

हलगी थांबली. अख्खी गल्ली माझ्याकडे बघू लागली. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ब्रेक किती छोटा असतो! साबण आला, चहा आला, बनियन आलं. अजून दहा जाहिराती दाखवा रे, मी मनात हात जोडले.

ब्रेक संपला. "पण दाजी तर शंभर टक्के म्हणाले!" सूत्रसंचालक.

"म्हणून तर!" पडद्यावर अक्षता हसली. "सहा वर्षं शेजारी बसून ऐकलंय मी. दाजी हळू बोलले की उत्तर चुकायची शक्यता असते. पण ठणकावून सांगितलं की चुकतंच चुकतं. त्यासाठीच त्यांचा नंबर दिला की!"

तीन बरोबर निघालं. मोटार अक्षताची! हलगी पुन्हा सुरू झाली आणि गल्लीनं तिला खांद्यावर घेतलं. माझा फेटा कुणीतरी तिच्याच डोक्यावर ठेवला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. पोरगी हुशार निघाली!

"सयाजीराव, फलक काढू काय?" आकारामनं विचारलं.

"राहू दे. मार्गदर्शन तर झालंच की."

आज सकाळी स्वप्नालीनं ढगांकडे बघत विचारलं, "अहो, पाऊस येईल काय?"

"शक्यच न्हाय!" मी ठणकावून सांगितलं.

तिनं लगेच दोरीवरचे कपडे काढले.