बेचाळीस वायरमन आणि एक टेबलफॅन

फ्यूजकाकांचं म्हणणं असं, की वीज त्यांना ओळखते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरादुकानांतून वायरी ओढल्या होत्या, आणि परवाना म्हणजे ज्याला काम येत नाही त्याच्या समाधानासाठी छापलेला कागद, हे त्यांचं ठाम मत होतं. ते कोणी विचारलं नाही तरी सांगत.

त्यामुळे वीज कार्यालयातल्या तपासनीस साहेबांनी त्यांचा अर्ज उलटा फिरवून परत दिला, तेव्हा काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज होता त्यांच्या मुलीच्या शिवणकामाच्या कारखान्याचा. अकरा मशिनं, इस्त्रीची दोन टेबलं आणि कामाला येणाऱ्या नऊ बायका, सगळं तयार होतं. फक्त वीज नव्हती. वायरिंग काकांनी स्वतः केलं होतं, पण मीटर हवा तर तपासणीचा अहवाल हवा, आणि अहवालावर परवानाधारकाची सही हवी. आजवर ही सही एक ओळखीचा ठेकेदार करून देत असे. तो धंदा गुंडाळून मुलाकडे राहायला गेला होता, शिक्क्यासकट.

"परीक्षा द्या," साहेब म्हणाले.

काकांनी त्यांना विचारलं, की या तुमच्या कार्यालयातलं वायरिंग कोणी केलंय ठाऊक आहे का. साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वर बघितलं, डोक्यावरचा पंखा बघितला, आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली.

घरी येऊन काकांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मुलीनं नियमांचं पुस्तक आणून समोर टाकलं. एकशे अठरा पानं होती. ती कापड कापता कापता प्रश्न विचारायची आणि काका पुस्तकाशी भांडायचे. अर्थिंगच्या हिरव्या वायरीवर पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं. काका म्हणाले, पंखा फिरतो लाल आणि काळ्या वायरीवर, हिरवी नुसती सोबत म्हणून असते. जिथं अडचण होते तिथं ते ती कापून आत दुमडून टाकत. समासात त्यांनी पेन्सिलीनं "चूक" असं लिहून ठेवलं.

"बाबा, तुम्ही पास व्हायला जाताय, पुस्तक तपासायला नाही," मुलगी म्हणाली.

परीक्षा एका प्रशिक्षण संस्थेच्या तळघरातल्या हॉलमध्ये होती. बेचाळीस उमेदवार, सगळे वायरमन. वर छतापाशी वीतभर उंचीची एकच खिडकी, तीही पलीकडच्या भिंतीकडे बघणारी. उकाडा असा, की उत्तरपत्रिका हाताला चिकटत होती. कोपऱ्यात एक लोखंडी टेबलफॅन होता, पण बंद. परीक्षक हे सडपातळ, सभ्य गृहस्थ. त्यांनी पंख्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

काकांना हे सहन झालं नाही. हॉलमध्ये बेचाळीस वायरमन, आणि एक पंखा चालत नाही? पेपर वाटायला पाच मिनिटं होती. त्यांनी खिशातून चाकू आणि चिकटपट्टीचं रीळ काढलं. पंख्याच्या बुडाशी वायर तुटली होती. त्यांनी ती सोलली, जोडली, हिरवी वायर नेहमीप्रमाणे कापून आत कोंबली, आणि प्लग लावला. पंखा भर्रकन फिरला. हॉलनं टाळ्या वाजवल्या. काकांनी त्या स्वीकारल्या आणि जागेवर जाऊन बसले. पास झाल्यासारखंच वाटत होतं त्यांना.

पेपर सोपा होता. सतरावा प्रश्न असा होता, की मुख्य बोर्ड उघडण्याचा अधिकार कोणाला. काकांनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडून "फक्त परवानाधारकाला" या पर्यायावर खूण केली. त्याच वेळी परीक्षकांनाही वारा हवासा वाटला. त्यांनी एक हात शेजारच्या पाण्याच्या नळावर टेकवला आणि दुसऱ्यानं ते पंख्याची मान आपल्याकडे वळवायला गेले.

खट्ट असा आवाज झाला आणि हॉलमध्ये काळोख पसरला.

काळोखातून परीक्षक म्हणाले, कोणीही जागा सोडू नये. आवाज थोडा कापत होता, पण तो शिस्तीमुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. पंधरा मिनिटं गेली. कोणीतरी म्हणालं, ब्रेकर पडला असेल, खटका वर केला की झालं. दुसऱ्यानं विचारलं, मग करायचा कोणी? त्यावर कोणीच जागचं हललं नाही, कारण सतरावा प्रश्न सगळ्यांचाच सोडवून झाला होता.

परीक्षकांनी फोन लावून परवानाधारकाला बोलावलं. बेचाळीस वायरमन अंधारात बसून एका वायरमनची वाट बघत होते. काकांच्या डोक्याची शीर ताडताड उडू लागली. अर्ध्या तासानं ते उठले आणि चाचपडत बोर्डाकडे निघाले. दोन बाकं आडवी आली, एका उमेदवाराचा पाय तुडवला गेला.

"बोर्डाला हात लावलात तर पेपर रद्द," परीक्षक म्हणाले.

"एकतीस वर्षं मी हेच करतोय."

"म्हणूनच तर परीक्षेला बसवलंय."

काका तिथंच, बोर्डापासून हातभर अंतरावर, मुठी आवळून उभे राहिले. नियम करणारे, पुस्तक छापणारे, तपासनीस साहेब, पळून गेलेला ठेकेदार, सगळ्यांचा त्यांनी मनातल्या मनात उद्धार केला.

सव्वा तासानं जिन्यावरून बॅटरीचा उजेड उतरला. मागोमाग पस्तिशीची एक बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी, गळ्यात परवान्याचं ओळखपत्र. हॉलमधून हलकीशी कुजबुज झाली. काकांना आणखी एक कारण मिळालं चिडायला. बाईंनी खटका वर केला नाही. त्यांनी आधी विचारलं, दिवे गेले तेव्हा कोण काय करत होतं.

परीक्षक जरा संकोचून म्हणाले, की ते पंखा वळवत होते, आणि हाताला सणकन काहीतरी लागल्यासारखं झालं. म्हातारपणामुळे असेल म्हणून ते बोलले नव्हते.

बाईंनी प्लग काढला, पंख्याचं बूड उघडलं आणि बॅटरीच्या झोतात सगळ्यांना दाखवलं. जोडातून निसटलेली लाल वायरीची एक बारीक तार लोखंडी अंगाला टेकली होती. हिरवी वायर असती तर ती वीज तिच्यातून जमिनीत गेली असती आणि प्लग लावल्या क्षणीच ब्रेकर पडला असता. ती नव्हती, म्हणून अख्खा पंखा वीज अंगात घेऊन तासभर वारा घालत होता. वीज भलतीकडून जाऊ लागली की आपोआप बंद पडणारा ब्रेकर या हॉलला होता. त्यानंच परीक्षकांना वाचवलं होतं.

"हे कोणी जोडलंय?" बाईंनी विचारलं.

मघाशी टाळ्या वाजवणारे एक्केचाळीस जण उत्तरपत्रिकेत डोकं घालून बसले, अंधारात.

"मी," काका म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि मी नेहमी असंच जोडतो. एकतीस वर्षांत कोणी मेलं नाही माझ्या कामानं."

"तुम्ही विचारायला गेला होतात?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

मग त्यांनी खटका वर केला. दिवे आले, उरलेला पेपर झाला. परीक्षकांनी त्यांना बाहेर काढलं नाही, उलट जाताना पाणी विचारलं, हे काकांना सगळ्यात जास्त झोंबलं. घरी जायच्याऐवजी ते तडक मुलीच्या कारखान्यात गेले. अकरा मशिनं, सगळी लोखंडी. इस्त्रीची टेबलं, त्यांवर पत्रा. त्यांनी एकेक बोर्ड उघडायला सुरुवात केली. चौथ्या बोर्डापाशी ते खाली बसले. प्रत्येक बोर्डात हिरवी वायर नीट कापून, नीट दुमडून ठेवलेली होती. काम सुबक होतं, यात शंका नव्हती.

मुलीनं विचारलं, काय झालं. ते तिच्यावर खेकसले, की हे असलं गाढवासारखं काम कोणी केलंय.

पुढचे नऊ दिवस त्यांनी सगळं वायरिंग उपसून पुन्हा केलं. येता-जाता जुन्या कामाला शिव्या देत होते. कामाला येणाऱ्या बायकांना वाटलं, आधीचा वायरमन फारच नालायक असणार. निकाल लागला, काका काठावर पास झाले, परवाना हातात आला. पहिला अहवाल त्यांनी मुलीच्या कारखान्याचा भरला, एकही रकाना न सोडता. एक रकाना होता: यापूर्वी विनापरवाना व्यक्तीने काम केले असल्यास तिचे नाव व आढळलेले दोष. काकांनी पेन खाली ठेवलं, एक फेरी मारून आले, आणि रागारागानं स्वतःचं नाव लिहिलं. दोष चौदा निघाले. जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला.

मीटर मिळाला. मशिनं सुरू झाली. पण महिन्याभरानं कार्यालयातून पत्र आलं, की परवानाधारकाने सदर विनापरवाना इसमाकडून लेखी खुलासा घेऊन सादर करावा. काकांनी पत्र तीनदा वाचलं आणि कार्यालयात गेले.

तपासनीस साहेबांनी विचारलं, खुलासा आणलात का.

"नाही," काका म्हणाले. "दोन दिवस बसलो त्याच्याशी डोकं फोडत. फार हेकट माणूस आहे साहेब, लेखी काही देणार नाही. तोंडी कबूल केलंय त्यानं, पण तेही फक्त माझ्याजवळ."